खाशाबा हरले, त्या दिवशी काय झालं?

आज नाचणगावच्या आपल्या गटांसाठी एका हरलेल्या कुस्तीची गोष्ट.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकला गेले. स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक पदक त्यांनीच आणलं, कांस्य. सुवर्ण नेलं जपानच्या शोहाची इशीने, खाशाबांना हरवून.

इशी मूळचा जुडोवाला. महायुद्धानंतर जपानमध्ये जुडोवर बंदी आली, म्हणून तो कुस्तीकडे वळला. समोरच्याचा तोल बिघडवून पाडायचं, ही जुडोची सवय गादीवरही कामी येते. खाशाबा तांबड्या मातीत घडलेले. मातीत पाय रुततो, गादीवर तसा आधार नाही. तरी कुस्ती पंधरा मिनिटं चालली. इशी थोडक्यात, गुणांवर जिंकला.

तेव्हा एका हारीने पैलवान बाहेर पडत नसे. खाशाबांना लगेच सोव्हिएत पैलवानासमोर उतरवलं, असं सांगतात. मधे अर्धा तास विसावा द्यावा असा नियम होता, पण तो बोलून दाखवायला आपला एकही अधिकारी तिथे नव्हता. थकलेले खाशाबा तीही कुस्ती हरले. मला ही दुसरी हार जास्त लागते. गटातली बाई कर्जाच्या कागदांसाठी बँकेत एकटी जाते, तेव्हा हमखास आठवते.

पैसा मात्र लोकांनी उभा केला होता. गावाने वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. परत आल्यावर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्या मारल्या आणि त्या कमाईतून ते घर सोडवलं.