पाय घसरणार नाही अशी फरशी

आजचा आपला विषय आहे घरातली फरशी.

पावसाळा सरला, दिवाळी झाली की गावोगावी बांधकामं सुरू होतात. कुणाचं घरकुल पुरं होत आलेलं असतं, कुणी जुन्या मोरीची दुरुस्ती काढलेली असते. गिलावा झाला की पाळी येते फरशीची. दुकानात जातात ते बहुतेक वेळा घरातले पुरुष, नाहीतर गवंडीच माल सुचवतो. पण ती फरशी रोज झाडायची-पुसायची, तिच्यावर बसून भाजी निवडायची, भरलेली कळशी घेऊन तिच्यावरून चालायचं ते आपल्याला. म्हणून फरशी निवडायला आपण गेलंच पाहिजे. तिथं काय बघायचं आणि काय विचारायचं, ते आम्ही आज सांगणार आहोत.

दुकानात फरशी कोरडी असते, दिव्याखाली चमकते आणि मनात भरते. घरात मात्र तिच्यावर पाणी सांडतं, तेल उडतं, साबणाचा फेस पसरतो. म्हणून पसंत पडलेल्या टाइलवर थोडं पाणी ओतायला सांगा. चप्पल काढा, कशाला तरी धरून उभ्या राहा आणि ओल्या टाइलवर पाऊल घासून बघा. पाऊल सटकलं, तर ती टाइल ओल्या जागेसाठी घेऊ नका, मग ती कितीही सुंदर असो.

आता एकेक जागा घेऊ. पहिली मोरी, न्हाणीघर आणि संडास. पैसे मोजके असतील, तर चांगल्या मालावर आधी इथं खर्च करा. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं ठिसूळ होऊ लागतात. अशा वयात न्हाणीघरात पाय घसरला, की खुब्याचं हाड मोडू शकतं. मग ऑपरेशन, अंथरूण आणि घरातल्या दुसऱ्या बाईच्या कामावर पाणी. गरोदर सून आणि लहान मुलं यांनाही धोका इथंच जास्त. म्हणून न चमकणारी, हाताला किंचित खरबरीत लागणारी टाइल घ्या. दुकानदार तिला मॅट किंवा अँटीस्किड म्हणतात. काही कंपन्या माहितीपत्रकात 'आर' या अक्षरापुढे आकडा देतात. तो ९ ते १३ असतो. आकडा जितका मोठा, तितकी पकड जास्त. न्हाणीघरासाठी आर १० किंवा आर ११ मागा. फार खडबडीतही नको, कारण खाचांत साबणाचा मळ बसतो आणि घासता घासता हात दुखतात.

न्हाणीघरात एक बाय एक फुटाची लहान टाइल बरी. लहान टाइलला सांधे जास्त, म्हणून पायाला पकड मिळते आणि जाळीकडे उतारही नीट देता येतो. उतार एका मीटरला एक ते दीड सेंटिमीटर असावा. काम झाल्यावर, गवंड्याचे शेवटचे पैसे देण्याआधी, बादलीभर पाणी ओतून बघा. पाणी कोपऱ्यात साचलं तर तेव्हाच दुरुस्त करून घ्या. साचलेल्या पाण्यावर बुळबुळीत थर येतो आणि मग चांगली टाइलही घसरते.

दुसरी जागा स्वयंपाकघर. इथं ओट्याचा आणि जमिनीचा विचार वेगवेगळा करायचा. संगमरवर, कडप्पा, कोटा आणि शहाबाद हे सगळे दगड चुन्याच्या जातीचे. लिंबू, चिंच, आमसूल यांचा आंबट रस त्यांना खातो. रस सांडला आणि तसाच राहिला, की तिथली चमक जाते आणि डाग पडतो. ग्रॅनाइटला आंबटाची भीती फारशी नाही, गरम पातेलंही तो सोसतो. म्हणून ओट्याला जमल्यास ग्रॅनाइट घ्या. कडप्पा स्वस्त पडतो आणि वर्षानुवर्षं टिकतो, फक्त आंबट सांडलं की लगेच पुसायचं. ओट्यामागच्या भिंतीला दोन फूट उंचीपर्यंत गुळगुळीत टाइल लावा. फोडणीचे डाग तिथून एका फडक्यात निघतात.

जमिनीसाठी व्हिट्रिफाइड टाइल चांगली, पण मॅट. ही टाइल फार जास्त तापवून भाजलेली असते, म्हणून ती आपल्या वजनाच्या अर्धा टक्काच काय ते पाणी पिते. भिंतीची सिरॅमिक टाइल दहा टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ शकते आणि तिची ताकदही कमी असते. स्वस्त मिळते म्हणून भिंतीची टाइल जमिनीवर बसवली, तर खलबत्ता किंवा भरलेला डबा पडल्यावर ती फुटते. टाइल भिंतीची आहे की जमिनीची, हे दुकानात स्पष्ट विचारा आणि खोक्यावर वाचून घ्या.

तिसरी जागा बसायची आणि झोपायची खोली. इथं पाणी फारसं नसतं, तेव्हा हौस करायला हरकत नाही. तरी घरात म्हातारी माणसं असतील तर आरशासारखी चमक टाळा. दारातून आलेलं ऊन तिच्यावर चमकतं आणि सांडलेलं पाणी दिसत नाही. अगदी पांढऱ्या फरशीवर प्रत्येक केस आणि पाऊल दिसतं. फिक्या मातकट किंवा राखाडी रंगावर रोजची धूळ सोसते.

टाइलसाठी पैसे नसतील तर सिमेंटचा कोबा कमी प्रतीचा समजू नका. त्याला दोन गोष्टी लागतात. एकदम सगळी खोली न ओतता चौकोन पाडून कोबा करायचा, म्हणजे वाटेल तिथं भेगा पडत नाहीत. आणि निदान सात दिवस त्याच्यावर पाणी मारायचं. पाणी कमी पडलं की कोबा पावडर सोडतो आणि मग कितीही झाडा, धूळ संपत नाही.

चौथी जागा पडवी, पायऱ्या आणि अंगण. पावसात इथं शेवाळ धरतं. म्हणून पॉलिश न केलेली खरबरीत शहाबादी फरशी घाला. पायऱ्यांच्या कडेला दोन-तीन खाचा पाडून घ्या. पॉलिश केलेला ग्रॅनाइट उघड्या पायरीवर नकोच.

आता हिशोब. खोली दहा बाय बारा फूट असेल तर एकशेवीस चौरस फूट झाले. दोन बाय दोनची एक टाइल चार चौरस फूट व्यापते, म्हणजे तीस टाइल. कापण्यात आणि फुटण्यात जातात म्हणून दहा टक्के जास्त धरा, म्हणजे तेहतीस. खोक्यात चार टाइल असतील तर नऊ खोकी लागतील. सगळ्या खोक्यांवर बॅच नंबर एकच आहे ना, ते बघा, नाहीतर रंगात फरक दिसतो. उरलेल्या टाइल जपून ठेवा. पुढं एखादी फुटली तर तोच रंग बाजारात मिळेलच असं नाही.

बसवून झाल्यावर नाण्यानं टाइलवर टकटक करा. पोकळ आवाज आला तर खाली माल भरलेला नाही. अशी टाइल वजन पडलं की तडकते. ती काढून पुन्हा बसवायला सांगा.

शेवटचं, पण महत्त्वाचं. फरशीवर ॲसिड ओतू नका. ते शहाबाद, कोटा आणि टाइलच्या सांध्यांमधलं सिमेंट खातं. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर तर कधीच एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो. रोजच्यासाठी साधं साबणाचं पाणी आणि नंतर कोरडं फडकं पुरतं.

मैत्रिणींनो, ज्यांच्या घरी सध्या काम सुरू नाही, त्यांनीही आज आपल्या न्हाणीघरात एकदा बघा. पाणी साचतंय का, पाय सटकतोय का, धरायला भिंतीला दांडी आहे का? पक्क्या भिंतीत बसवलेली एक दांडी आणि सांध्यांची दुरुस्ती एवढं काम गवंडी एका दिवसात करून देतो. घरातलं कुणी पडायची वाट बघू नका.