शालेय गीताचे चित्रीकरण : पूर्वनियोजन व पूर्वतयारी

बालकांनी गायिलेले गीत आणि त्यास अनुरूप अशी चलच्चित्रे यांची सांगड घालून जी चित्रफीत तयार होते, तीस गीतचित्रफीत म्हणतात. हे साधन एके काळी केवळ चित्रपटसंस्थांच्या आवाक्यातील होते. आज चित्र व ध्वनी टिपणारा मोबाइल बहुतेक शिक्षकांजवळ असल्यामुळे ते खेड्यातील लहानशा शाळेच्याही हाती आले आहे. तथापि साधन सुलभ झाले म्हणजे कार्य सुलभ झाले असे नव्हे. पुष्कळदा सकाळी कल्पना सुचते, दुपारी मुलांस रांगेत उभे केले जाते आणि सायंकाळी पाहावे तो शब्द वाऱ्यात विरलेले, डोळे उन्हाने मिटलेले व मागील रांगेतील मुले मुळीच न दिसणारी, असा प्रकार होतो. मग तोच खटाटोप पुनःपुन्हा करावा लागतो व त्यात अध्यापनाचे तास बुडतात. हा दोष उपकरणाचा नव्हे, पूर्वनियोजनाच्या अभावाचा आहे. गीतचित्रफितीचे बहुतेक कार्य कॅमेरा उघडण्यापूर्वीच पूर्ण व्हावयाचे असते. ते कोणत्या क्रमाने करावे, याचा विचार येथे केला आहे.

१. हेतूची निश्चिती

चित्रफीत कोणासाठी व कशासाठी, हे प्रथम एका वाक्यात लिहून काढावे. उदाहरणार्थ : ‘पावसाचे पाणी कोठून येते व कोठे जाते, हे तिसरी-चौथीच्या मुलांस समजावे.’ ज्या दृश्याचा या वाक्याशी संबंध लागत नाही, ते कितीही मनोहर असले तरी वगळावे. चित्राने गीतातील शब्दांचा केवळ पुनरुच्चार करू नये. शब्दांना जे सांगता येत नाही ते दाखवावे. ‘पाणी मुरते’ असे गीतात असेल, तर वाळूने भरलेली एक कुंडी व चिकणमातीने भरलेली दुसरी कुंडी शेजारी ठेवून दोहोंत सारखेच पाणी ओतावे. वाळूतून पाणी झरझर खाली उतरते, चिकणमातीवर ते साचून राहते. हे आठ-दहा सेकंदांचे दृश्य एका पाठाचे काम करील.

२. गीताची निवड व त्यावरील हक्क

गीत सोपे, ठेक्याचे व तीन मिनिटांहून दीर्घ नसलेले असावे. शिक्षकाने स्वतः रचलेले अथवा मुलांच्या साह्याने जुळविलेले गीत असल्यास उत्तमच. अन्य कवीचे गीत घ्यावयाचे असेल, तर कॉपीराइट अधिनियम, १९५७ मधील तरतुदी ध्यानी घ्याव्यात. कवीच्या हयातीत व त्याच्या निधनाच्या वर्षानंतर ६० वर्षे त्याच्या काव्यावर कॉपीराइट असतो. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले. त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या कविता त्यामुळे २०११ च्या आरंभापासून सर्वांस मोकळ्या आहेत. कुसुमाग्रजांचे निधन १९९९ सालचे. त्यांच्या कवितांवरील हक्क २०५९ अखेरपर्यंत राहील.

येथे एक भेद नीट लक्षात ठेवला पाहिजे. शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांवरील हक्क निरनिराळे असतात. संतांचा अभंग सर्वांचा आहे. परंतु एखाद्या गायकाने गाऊन मुद्रित केलेला तोच अभंग सर्वांचा असेलच असे नाही. यास्तव तयार ध्वनिमुद्रण न वापरता मुलांच्याच कंठातून गीत घ्यावे, आणि चालही लोकपरंपरेतील अथवा स्वतः बांधलेली असावी. शाळेच्या कार्यक्रमात शिक्षक व विद्यार्थी यांनी गीत सादर करण्यास कायद्याने सवलत दिली आहे. तथापि तीच गोष्ट चित्रफितीच्या रूपाने इंटरनेटवर गेली की ती साऱ्या जगासाठी खुली होते, आणि त्या प्रकाशनास शाळेतील सादरीकरणाची सवलत लागू होते असे गृहीत धरू नये.

३. प्रथम ध्वनी, नंतर चित्र

मराठीतील पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ प्रभात फिल्म कंपनीने १९३२ साली काढला. त्या काळी नटनटींना कॅमेऱ्यापुढे उभे राहून प्रत्यक्ष गावे लागे, आणि चित्र व ध्वनी एकाच वेळी टिपले जात. गाताना सूर ढळला तर चित्रणही फुकट जाई. १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सच्या ‘धूप छाँव’ या हिंदी चित्रपटात पार्श्वगायनाची पद्धत अवलंबिण्यात आली. गाणे आधी मुद्रित करावयाचे, नंतर ते वाजवून त्याबरहुकूम नटाने ओठ हलवावयाचे, ही ती पद्धत होय. ग्रामीण शाळेसही हीच पद्धत श्रेयस्कर आहे. तिच्या योगे मुलांस गाण्याच्या वेळी केवळ गाण्याकडे आणि चित्रणाच्या वेळी केवळ अभिनयाकडे लक्ष देता येते.

ध्वनिमुद्रणासाठी शाळेतील लहान खोली निवडावी. उघड्या भिंतींवरून आवाज परततो व शब्द अस्पष्ट होतात. म्हणून भिंतींवर गोधड्या टांगाव्यात, जमिनीवर सतरंजी अंथरावी व पंखा बंद ठेवावा. मोबाइलवर कॉल व संदेश येणार नाहीत अशी व्यवस्था करावी. तो हातात न धरता स्टुलावर घडी केलेल्या टॉवेलवर ठेवावा. मुलांस त्याभोवती अर्धवर्तुळात उभे करावे. मोठ्या आवाजाची मुले मागे व हलक्या आवाजाची पुढे. ढोलकीचा ठेका आरंभापासून अखेरपर्यंत एकाच गतीचा असावा. गीतापूर्वी ‘एक, दोन, तीन, चार’ अशी मोजणी त्याच गतीत मुद्रित करावी. पुढे चित्रणाच्या वेळी सर्व मुलांस एकदम आरंभ करण्यास तिचा उपयोग होतो. एकदा मान्य केलेले मुद्रण मग बदलू नये. सर्व चित्रण त्याच एका मुद्रणावर व्हावयाचे असते.

४. दृश्यपत्रक

गीत मुद्रित झाल्यावर घड्याळ लावून त्याचे मोजमाप करावे. समजा, आरंभीचे वादन १० सेकंद, धृपद २० सेकंद, आणि त्यापुढे तीन कडवी, प्रत्येक ३० सेकंदांचे. प्रत्येक कडव्यानंतर धृपदाची २० सेकंदांची पुनरावृत्ती. ही बेरीज १८० सेकंद, म्हणजे ३ मिनिटे होते. एक दृश्य सरासरी ६ सेकंद पडद्यावर राहील असे धरल्यास ३० दृश्ये लागतील.

या ३० दृश्यांचे पत्रक वहीत आखावे. रकाने पाच असावेत : क्रमांक, गीताची ओळ, पडद्यावर काय दिसेल, कोणती मुले, कोणते साहित्य. त्याशेजारी काड्यांची माणसे काढून प्रत्येक दृश्याचे ओबडधोबड चित्र रेखाटावे. दूरची, मध्यम व निकटची दृश्ये आलटून पालटून यावीत. सारीच दृश्ये दुरून घेतली तर मुलांचे चेहरे दिसत नाहीत. सारीच निकटची घेतली तर गाव दिसत नाही.

पत्रक गीताच्या क्रमाने लिहावे, पण चित्रण स्थळाच्या क्रमाने करावे. शाळेच्या अंगणातील सर्व दृश्ये, मग ती पहिल्या कडव्यातील असोत वा शेवटच्या, एकाच वेळी उरकावीत. एकूण १० स्थळे असतील व प्रत्येक स्थळी २० मिनिटे लागतील, तर २०० मिनिटे, म्हणजे ३ तास २० मिनिटे होतात. लहान मुलांस एका दिवसात इतका वेळ तिष्ठत ठेवणे इष्ट नाही. यास्तव हे काम दोन सकाळींत विभागावे.

मोबाइलमधील जागेचाही हिशेब करावा. प्रत्येक दृश्य २० सेकंदांप्रमाणे तीनदा घेतल्यास ३० दृश्यांचे ३० मिनिटांचे चित्रण होते. नेहमीच्या उत्तम प्रतीच्या चित्रणास मिनिटास साधारणपणे १०० ते १५० मेगाबाइट जागा लागते, म्हणजे एकंदर ३ ते ४.५ गीगाबाइट. तेव्हा किमान ६ गीगाबाइट जागा आदल्या दिवशी मोकळी करून ठेवावी.

५. काळ व स्थळ

पाण्याच्या गीतास वाहता ओढा हवा. तो श्रावण-भाद्रपदात मिळेल, माघात मिळणार नाही. म्हणून नियोजन मागून पुढे करावे : चित्रण भाद्रपदात, तर दृश्यपत्रक श्रावणात, ध्वनिमुद्रण आषाढाच्या अखेरीस, आणि गीत शाळा सुरू होताच.

काळाचा आणखी एक विचार याहून महत्त्वाचा आहे. मराठवाड्यातील व अन्य काही भागांतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी गाव सोडतात व हंगाम संपल्यावरच परततात. चित्रीकरण डिसेंबरात ठेवले तर त्या घरांतील मुले चित्रफितीत दिसणार नाहीत, आणि गावी परतल्यावर आपली शाळा आपल्यावाचून पाहतील. तारीख ठरविताना हजेरीपट समोर असावा, तो याच कारणासाठी.

स्थळाची पाहणी चित्रणाच्याच घटकेला करावी. दुपारी छायेत असलेले अंगण सकाळी उन्हात असू शकते. सकाळी नऊपर्यंतचा व दुपारी चारनंतरचा प्रकाश सौम्य असतो. मध्यान्हीच्या उन्हात डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. विहिरीच्या काठी, ओढ्याच्या पात्रात, गच्चीवर वा रस्त्यावर मुलांस कदापि उभे करू नये. विहीर अथवा ओढा मुलांवाचून स्वतंत्रपणे टिपावा व मुले अंगणात टिपावीत; संकलनात दोन्ही दृश्ये एकमेकांशेजारी ठेवली की अर्थ आपोआप जुळतो.

६. संमती आणि प्रत्येक बालकाचे स्थान

बालकाचे चित्र ही त्याची वैयक्तिक बाब आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून त्याच्या माहितीच्या वापरासाठी पालकांच्या संमतीची तरतूद केली आहे. चित्रफीत कोठे दाखविली जाणार, हे पालकांस सोप्या शब्दांत सांगून लेखी संमती घ्यावी. वाचता न येणाऱ्या पालकास मजकूर वाचून दाखवावा. केवळ शाळेत दाखविण्यास संमती आणि इंटरनेटवर ठेवण्यास संमती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यासाठी दोन वेगळ्या सह्या असाव्यात. पडद्यावर मुलांची पूर्ण नावे देऊ नयेत.

एखाद्या पालकाने नकार दिला तर त्याचा मान राखावा. पण त्या मुलास वगळू नये. मोजणी देणे, दृश्यपत्रकावर खूण करणे, दृश्याचा क्रमांक पाटीवर लिहिणे, ही कामे कॅमेऱ्यामागची असून तितकीच आवश्यक आहेत. सुरात न गाऊ शकणाऱ्या मुलास ठेका धरण्यास द्यावा. चालण्यास अडचण असणाऱ्या मुलासाठी धावण्याचे दृश्य बदलून बसण्याचे करावे. गोरी, नीटस व नव्या कपड्यांतील मुले पुढे आणि बाकीची मागे, अशी निवड कोणी मुद्दाम करीत नसेल. तथापि पूर्वनियोजन नसले की ती नकळत होते. हे टाळण्याचा उपाय साधा आहे. दृश्यपत्रकातील ‘कोणती मुले’ हा रकाना हजेरीपटाशी ताडून पाहावा व प्रत्येक नाव किमान एकदा आले आहे याची खात्री करून घ्यावी. चित्रणासाठी नवा पोशाख मागू नये. नित्याचा स्वच्छ गणवेश पुरेसा आहे.

७. चित्रणाचा दिवस

मोबाइल आडवा धरावा व स्थिर ठेवावा. तिपाई नसल्यास बाकावर पुस्तकांची चळत रचून त्यावर तो टेकवावा. काच मऊ कापडाने पुसून घ्यावी. मुद्रित गीत दुसऱ्या मोबाइलवरून ध्वनिक्षेपकाद्वारे वाजवावे. मुलांनी केवळ ओठ न हलवता खरोखर गावे. तसे केल्यानेच गळा, श्वास व चेहरा खरा दिसतो. चित्रणासोबत टिपला गेलेला आवाज अखेरीस काढून टाकावयाचा असला, तरी मूळ मुद्रणाशी चित्र जुळविताना तोच खूण म्हणून उपयोगी पडतो.

ध्वनिक्षेपक कोठे ठेवावा, याला शास्त्रीय कारण आहे. ध्वनी सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो. बांधावर ३० मीटर लांब रांग उभी करून ध्वनिक्षेपक एका टोकास ठेवला, तर दुसऱ्या टोकाच्या मुलांस गीत सुमारे ०.०९ सेकंद उशिरा ऐकू येईल. मोबाइल सेकंदास प्रायः ३० स्थिरचित्रे टिपतो. म्हणजे ती मुले दोनांहून अधिक चित्रे मागे पडतील व त्यांचे ओठ जुळणार नाहीत. सर्वांस सारखाच उशीर झाला तर तो संकलनात सरकवून दुरुस्त करता येतो. निरनिराळा उशीर दुरुस्त करता येत नाही. म्हणून मुले जवळजवळ उभी करावीत व ध्वनिक्षेपक त्यांच्या मधोमध, कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर ठेवावा.

प्रत्येक दृश्य गीतातील त्याच्या ओळीच्या एक ओळ आधीपासून टिपावे व एक ओळ नंतर थांबवावे. त्यामुळे संकलनास दोन्ही बाजूंनी जागा राहते. तीन वेळा घेऊनही दृश्य जमले नाही तर मुलांस रागावू नये. दृश्य सोपे करावे. मध्ये पाणी पिण्यास व विश्रांतीस वेळ द्यावा. काम संपताच सारे चित्रण दुसऱ्या साधनावर उतरवून ठेवावे.

८. समारोप

गीतचित्रफीत तीन मिनिटांत पाहून संपते. परंतु तिची तयारी पाहता तीत भाषा, गणित, विज्ञान, संगीत व चित्रकला यांचे पाठ सामावलेले आहेत. सेकंदांची बेरीज मुलांनी करावी, दृश्यांची चित्रे मुलांनी काढावीत, कुंड्यांचा प्रयोग मुलांनी मांडावा. अशा रीतीने नियोजन मुलांसह केले, तर अध्यापनाचे तास बुडत नाहीत, उलट तयारीचाच पाठ होतो. चित्रफीत पूर्ण झाल्यावर ती प्रथम गावात, पालकांसमोर दाखवावी. त्या वेळी प्रत्येक आईस आपले मूल पडद्यावर दिसले अथवा त्याने केलेले काम ओळखता आले, तर नियोजन यशस्वी झाले असे समजावे.