नाईक, वसंतराव फुलसिंग

(१ जुलै १९१३–१८ ऑगस्ट १९७९). महाराष्ट्राचे मुख्यमंत्री, संसदसदस्य व शेतीच्या आधुनिकीकरणाचे पुरस्कर्ते. जन्म यवतमाळ जिल्ह्यातील गहुली (ता. पुसद) येथे बंजारा समाजातील शेतकरी कुटुंबात. नागपूर येथे बी. ए., एल्‌एल्‌. बी. ह्या पदव्या संपादन करून त्यांनी वकिली केली. १९५२ मध्ये ते तत्कालीन मध्य प्रदेशच्या विधानसभेवर निवडून आले व महसूल खात्याचे उपमंत्री झाले. पुढे द्विभाषिक मुंबई राज्यात सहकार व कृषी ही खाती त्यांच्याकडे होती. ५ डिसेंबर १९६३ ते २० फेब्रुवारी १९७५ ह्या काळात ते मुख्यमंत्री होते.

दोन वर्षांत राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण न झाल्यास आपण फाशी जाऊ, अशी घोषणा त्यांनी १९६५ मध्ये पुणे येथील सभेत केली. त्यासाठी संकरित ज्वारीच्या प्रसारावर त्यांनी भर दिला. तथापि सुधारित बियाणेही पावसावाचून निष्फळ ठरते, हे १९७२ च्या दुष्काळाने दाखवून दिले. त्या संकटात रोजगार हमी योजनेने ग्रामीण मजुरांना काम मिळवून दिले. कोरडवाहू शेतीचे प्रश्न त्या त्या प्रदेशातील संशोधनानेच सुटू शकतात, ह्या दृष्टीने १८ मे १९७२ रोजी परभणी येथे स्थापन झालेले मराठवाडा कृषी विद्यापीठ महत्त्वाचे ठरते. केवडा रोगास प्रतिकारक अशी भेंडीची ‘परभणी क्रांती’ ही जात तेथेच विकसित झाली. २०१३ मध्ये, नाईकांच्या जन्मशताब्दीनिमित्त, ह्या विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले.

१९७७ मध्ये ते वाशीम मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिन महाराष्ट्रात कृषिदिन म्हणून पाळला जातो.