विधी महाविद्यालयाची निवड आणि कर्जाचा हिशेब

इयत्ता बारावीनंतर वकिलीकडे वळणाऱ्या नाशिक जिल्ह्यातील विद्यार्थ्यापुढे दोन वाटा असतात. शहरातील एन. बी. टी. विधी महाविद्यालयात घरी राहून शिकावे, की मुंबई वा नागपूर येथील महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठासाठी कर्ज काढावे? प्रवेश परीक्षा वेगवेगळ्या. सनद व तीसाठीची अखिल भारतीय परीक्षा मात्र दोघांना एकच.

वर्षाला २ लाखांप्रमाणे पाच वर्षांत १० लाखांचे कर्ज, दर दहा टक्के, असे समजू या. अभ्यासक्रम व त्यापुढील एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. परंतु व्याज थांबत नाही, याचा पालकांना हमखास विसर पडतो. सरळ व्याजानेही तोवर देणे १४ लाख होते. पुढे दहा वर्षे दरमहा सुमारे १८,५०० रुपये! जिल्हा न्यायालयात ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली उमेदवारी करणाऱ्यास आरंभी एवढी प्राप्ती क्वचितच होते. मुंबईतील मोठ्या विधी संस्थांत नोकरी हेच ध्येय असेल, तर गोष्ट निराळी. तेथे राष्ट्रीय विद्यापीठाच्या पदवीस वजन आहे.

वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील विद्यार्थ्यास २०२४ च्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेनुसार १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ते सुरू होईपर्यंत ३ टक्के व्याजसाहाय्य मिळू शकते. ते ठरावीक संस्थांपुरतेच असल्याने, इच्छित संस्था यादीत आहे काय, हे शिक्षकांनी अर्जापूर्वी पाहून द्यावे.