एलसीडीचा पडदा आणि त्याच्यामागचा दिवा

मनगटावरचे घड्याळ, हिशेबाचा कॅल्क्युलेटर, संगणकाचा मॉनिटर आणि भिंतीवरचा टी.व्ही. या वस्तू दिसायला निरनिराळ्या, पण त्यांतील बहुतेकांच्या पडद्यामागचे तत्त्व एकच आहे. हे तत्त्व म्हणजे एलसीडी, अर्थात द्रव-स्फटिकांचा पडदा. तरीही दुकानात गेले की "हा जुना एलसीडी, तो नवा एलईडी" असे सांगितले जाते. आम्ही बँकेत कर्जाचे अर्ज पाहतो. अर्जाला जोडलेल्या कोटेशनवर 'एलईडी टी.व्ही.' असे ठळक छापलेले असते. हप्ते भरणाऱ्याला मात्र आपण काय घेत आहोत, याची पुरती कल्पना नसते. आम्ही कला शाखेचे पदवीधर, तेव्हा शास्त्रज्ञाचा आव आणणार नाही. पण थोडा नेट लावला तर हा विषय कोणालाही समजण्यासारखा आहे.

पहिली गोष्ट अशी की, एलसीडी स्वतः प्रकाश देत नाही. तो केवळ प्रकाश अडवतो किंवा सोडतो. पडदा म्हणजे लाखो बारीक झडपांची खिडकी आणि प्रकाश येतो तो मागच्या दिव्याचा. बाजारात ज्याला 'एलईडी टी.व्ही.' म्हणतात, त्यातही सामान्यतः हाच एलसीडी पडदा असतो. फक्त त्याच्या मागचा दिवा एलईडीचा असतो.

या झडपा कशाच्या? १८८८ साली प्राग येथे फ्रीडरिख रायनित्सर हे वनस्पतिशास्त्रज्ञ कोलेस्टेरॉलपासून तयार केलेला एक पदार्थ तापवत होते. तो १४५.५ अंश सेल्सिअसला वितळला, पण गढूळ राहिला. १७८.५ अंशांना तो एकदम नितळ झाला. एकाच पदार्थाला जणू दोन वितळणबिंदू! मधल्या अवस्थेत तो द्रवासारखा वाहतो, पण त्याचे रेणू स्फटिकासारखी शिस्त पाळतात. ओटो लेमान या जर्मन पदार्थवैज्ञानिकांनी त्याचा पुढे अभ्यास केला. मात्र त्याचा व्यवहारात उपयोग व्हायला ऐंशी वर्षे लागली.

झडपेची युक्ती समजण्यासाठी उभ्या गजांची खिडकी डोळ्यांसमोर आणावी. पातळ पुठ्ठा उभा धरला तर गजांतून आत जातो, आडवा धरला तर अडतो. पोलरायझर नावाची फिल्म प्रकाशाच्या बाबतीत असेच काम करते. एलसीडीत काचेच्या दोन तावदानांवर अशा दोन फिल्म एकमेकींशी काटकोनात लावतात. एकीतून आलेला प्रकाश दुसरीत अडायला हवा. पण मधल्या द्रव-स्फटिकाचे रेणू गोल जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे ९० अंशांनी वळत गेलेले असतात. त्यांच्याबरोबर प्रकाशही वळतो आणि बाहेर पडतो. विजेचा दाब दिला की रेणू सरळ उभे राहतात, जिना मोडतो, प्रकाश अडतो आणि तिथे काळा ठिपका दिसतो. कॅल्क्युलेटरवरचे काळे आकडे ते हेच. विद्यार्थ्यांनी पोलराइज्ड काचांचा गॉगल अशा आकड्यांसमोर धरून हळूहळू फिरवून पाहावा. एका कोनात सगळा पडदा काळा पडतो.

या प्रकाराला टीएन म्हणतात. मार्टिन शाट आणि वोल्फगांग हेल्फरिख यांनी तो १९७० साली स्वित्झर्लंडमध्ये विकसित केला. टीएन स्वस्त आणि चपळ. पण बाजूने किंवा खालून पाहिले की रंग पालटतात. हा दोष कमी करणारी एक फिल्म पुढे जपानमध्ये निघाली. तिच्यात थाळीच्या आकाराच्या रेणूंचा उपयोग केलेला आहे. अशा रेणूंचे द्रव-स्फटिक प्रथम शोधले ते १९७७ साली बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत, शिवरामकृष्ण चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. आपल्या पाठ्यपुस्तकांत ही गोष्ट सहसा आढळत नाही, म्हणून मुद्दाम लिहिली.

आयपीएस या प्रकारात रेणू उभे न राहता काचेला समांतर राहूनच फिरतात. त्यामुळे कोठूनही पाहिले तरी रंग फारसे बदलत नाहीत. व्हीए प्रकारात रेणू आधीपासूनच उभे असतात आणि प्रकाश चांगला अडवतात, म्हणून काळा रंग गडद दिसतो. आमच्या मते चार मुले एका पडद्याभोवती बसून अभ्यास करणार असतील तर आयपीएस घ्यावा. रात्री दिवे मालवून सिनेमा पाहणाऱ्याने व्हीए घ्यावा. दुकानात पडद्यासमोर वाकून खालून पाहावे. टीएन लगेच ओळखू येतो.

आता दिव्याकडे वळू. साध्या घड्याळात नि कॅल्क्युलेटरमध्ये दिवा नसतोच. मागच्या परावर्तक पत्र्यावरून खोलीतला उजेड परत येतो, म्हणून एक छोटी बॅटरी वर्षानुवर्षे पुरते. रंगीत पडद्याला हे परवडत नाही. पोलरायझर निम्मा प्रकाश खातो आणि रंगांच्या गाळण्या उरलेल्यातला दोन-तृतीयांश खातात. म्हणून मागे जोरदार दिवा लागतो. पूर्वी तिथे ट्यूबलाइटच्या जातीच्या, पाऱ्याची वाफ असलेल्या बारीक नळ्या असत. १९९३ साली जपानमध्ये शुजी नाकामुरा यांनी तेजस्वी निळा एलईडी तयार केला. निळ्यावर पिवळा फॉस्फर चढवून पांढरा प्रकाश मिळू लागला आणि नळ्या मागे पडल्या.

एलईडी पडद्याच्या कडेला लावले तर टी.व्ही. पातळ होतो, पण अंधाऱ्या दृश्यात कोपरे उजळलेले दिसू शकतात. पाठीमागे सर्वत्र लावले तर उजेड सारखा पडतो. हे मागचे दिवे भागाभागाने मंद करण्याची सोय असेल तर काळा रंग सुधारतो. मिनी-एलईडी म्हणजे हीच सोय अधिक बारीक केलेली. ओएलईडी मात्र खरोखर निराळा. त्यातला प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, मागे दिवा लागत नाही. नावातल्या एका अक्षराने इथे पुष्कळांची गफलत होते.

टी.व्ही. बिघडल्यावर हे ज्ञान विशेष कामी येते. आवाज येतो पण चित्र नाही, असे झाले की "पॅनेल गेले, नवा घ्या" असा सल्ला मिळतो. अशा वेळी खोलीत अंधार करून पडद्याजवळ विजेरी तिरकी धरावी. फिकट चित्र हलताना दिसले तर झडपा शाबूत आहेत. दिव्याची पट्टी किंवा तिला वीज पुरवणारा भाग गेलेला आहे. पट्टी बदलून मिळते आणि तिचा खर्च पॅनेलच्या मानाने पुष्कळच कमी असतो. मात्र आत विजेचा दाब धोक्याचा असतो, तेव्हा मागचे झाकण मेकॅनिकलाच उघडू द्यावे.