एकच फळा, चार पगार

मागच्या आठवड्यात आपल्या कार्यक्रमात एका ताईंचा फोन आला. "मुलगी बारावी झाली, डी.एड. करते म्हणतीय. मास्तरकीच्या पगारात घर नीट चालतं का हो?" त्यांच्यामागून दुसऱ्या ताई बोलल्या, "न चालायला काय झालं? आमच्या शेजारच्या गुरुजींनी बंगला बांधला." मग तिसरीचा फोन आला. "मी सहा वर्षं शाळेत शिकवते. पोरं मलाही मॅडमच म्हणतात. पण पेट्रोल अन् रिचार्ज जाऊन हातात काही उरत नाही."

तिघींचंही खरं आहे. शिक्षकाचा पगार म्हणून एकच एक पगार नसतोच. त्यामुळे पगार पुरतो का हे विचारायच्या आधी, कुठल्या शिक्षकाचा हे विचारायला हवं. आज आपण महाराष्ट्रातले चार प्रकार पाहू.

पहिला प्रकार म्हणजे जिल्हा परिषदेच्या किंवा पूर्ण अनुदानित शाळेतले कायम शिक्षक. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे प्राथमिक शिक्षकाचा मूळ पगार 29,200 रुपयांपासून सुरू होतो. माध्यमिकला बी.एड. शिक्षकाचा 38,600 पासून. त्यावर महागाई भत्ता. तो आता निम्म्याच्या वर गेलाय, पण हिशेबाला सोपं म्हणून निम्मा धरू. 29,200 अधिक 14,600, झाले 43,800. त्यातून पेन्शन योजनेचे दहा टक्के, म्हणजे 4,380 कापले जातात. व्यवसायकर 200. राहिले 39,220. किरकोळ कपाती सोडून देऊ. घरभाडे भत्ता वेगळा. तो खेड्यात कमी, शहरात जास्त. गावात स्वतःचं घर असेल तर एवढ्यात चौघांचं नीट चालतं. पुण्या-मुंबईत भाड्यानं राहून, एकाच पगारावर चालवायचं तर ओढाताण होते.

मग बंगला कुणाचा? बहुतेक वेळा वीस-पंचवीस वर्षं नोकरी झालेल्यांचा, किंवा नवरा-बायको दोघंही नोकरीत असलेल्या घराचा. त्यात एक तारीख महत्त्वाची आहे, 1 नोव्हेंबर 2005. त्या दिवशी किंवा नंतर जे लागले, त्यांना जुनी पेन्शन सरसकट मिळत नाही. मार्च 2023 मध्ये सरकारी कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले होते, ते याचसाठी. आज पगार पुरला तरी साठीनंतर काय, ही चिंता नव्या गुरुजींना जुन्यांपेक्षा जास्त आहे.

दुसरा प्रकार शिक्षणसेवकाचा. ही योजना 2000 साली आली. नव्या शिक्षकानं पहिली तीन वर्षं ठरलेल्या मानधनावर काम करायचं, मग पूर्ण पगार सुरू. प्राथमिकचं मानधन कित्येक वर्षं महिना 6,000 होतं. 1 जानेवारी 2023 पासून ते 16,000 झालं, माध्यमिकला 18,000 आणि उच्च माध्यमिकला 20,000.

आता 16,000 चा नमुन्यादाखल हिशेब मांडू. समजा मुलगी मराठवाड्यातली आणि नेमणूक मिळाली पालघरला. खोलीभाडं 4,000, किराणा-भाजी 4,500, गॅस-वीज-मोबाइल 1,500, शाळेला जाण्यायेण्याचं पेट्रोल 2,000, महिन्यातून एकदा गावी जाण्याचे 1,500. झाले 13,500. उरले 2,500. त्यात आजारपण, कपडे, आईबापांना पाठवायचे पैसे आणि डी.एड.साठी कर्ज काढलं असेल तर त्याचा हप्ता. एकटीचं कसंबसं भागतं. लेकरू असेल तर भागत नाही. पण ही तीन वर्षं संपणारी आहेत, हे लक्षात ठेवायचं.

तिसरा प्रकार विनाअनुदानित आणि अंशतः अनुदानित शाळांचा. इथं सरकारी अनुदान टप्प्याटप्प्यानं मिळतं, वीस टक्क्यांपासून सुरुवात. वीस टक्के म्हणजे शंभरातले वीसच. पुढचा टप्पा कधी येईल याची वाट पाहण्यात अनेकांची उमेदीची वर्षं गेली. कुणी शाळा सुटल्यावर शेतात जातं, कुणी दुकान चालवतं. अशा घरांत पगार पुरतो का हा प्रश्न नसतो, तो कधी सुरू होणार हा असतो.

चौथा प्रकार आपल्या आसपास सगळ्यात जास्त दिसतो आणि त्यात बहुतेक आपल्याच बहिणी असतात: छोट्या खाजगी शाळांतल्या शिक्षिका. तिसऱ्या ताईंचा पगार महिना 8,000. महिन्याचे 26 दिवस धरले तर दिवसाला 308 रुपये होतात. 2025-26 सालासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर 312 रुपये होता. रोजगार हमीचं काम हलकं आहे असं आम्हाला म्हणायचं नाही; ते भर उन्हातलं कष्टाचं काम आहे. पण दोन वर्षांची पदविका, वर पदवी, रात्री वह्या तपासणं, आणि दिवसाची कमाई त्याच्याहून चार रुपये कमी, हे आपण मोजून पाहिलं पाहिजे.

हे चालतं कसं? कारण "नवरा कमावतोच की, बाईचा तेवढाच हातभार" असं शाळावालेही धरून चालतात आणि कधी कधी आपणही. पण विधवा ताईंनाही तेवढेच मिळतात आणि एकटीनं मूल वाढवणाऱ्या ताईंनाही. पगार कामाचा असतो, नवरा आहे की नाही याचा नसतो.

शिकवण्या घेऊन भर घाला, असं कुणी सुचवेल. शिक्षणहक्क कायदा 2009 च्या कलम 28 प्रमाणे शिक्षकाला खाजगी शिकवणी घेता येत नाही. म्हणजे जे काय मिळायचं ते पगारातूनच मिळायला हवं.

खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी 1977 चा राज्याचा कायदा आहे. मान्यताप्राप्त शाळेतल्या शिक्षकाची नेमणूक, पगार, रजा आणि कामावरून कमी करणं, सगळ्याचे नियम त्यात आहेत. म्हणून खाजगी शाळेत लागताना चार गोष्टी सोडू नका. नेमणुकीचं पत्र लेखी घ्या. पगार बँकेत जमा करायला सांगा. सहीच्या कागदावरचा आकडा आणि हातात पडलेली रक्कम एकच आहे का ते पाहा, आणि वेगळी असेल तर सही करण्याआधी विचारा. भविष्य निर्वाह निधी कापत असतील तर खात्याचा क्रमांक मागून घ्या. एकटीनं विचारायला भीती वाटते, म्हणून चौघी मिळून विचारा.

आता पहिल्या ताईंना उत्तर. ताई, मुलीला डी.एड. जरूर करू द्या, पण डोळे उघडे ठेवून. पदविकेनंतर टीईटी आहे, त्यानंतर अभियोग्यता चाचणी आणि मग पवित्र पोर्टलवरची भरती. ती दर वर्षी निघेलच असं नाही. तोवर खाजगी शाळेत आठ हजारांवर काढावी लागतील, मग तीन वर्षं मानधनावर. एवढं पार पडलं तर पगार पुरतो, सुखानं पुरतो. मध्ये अडकलं तर नाही. या मधल्या वर्षांत तिच्या पाठीशी कोण उभं राहणार, हे आजच घरात बसून ठरवा. लग्नाची बोलणी आली तर तिची नोकरी सुटणार नाही, हेही त्याच बैठकीत ठरवा.

तुमच्या गावातल्या मॅडमना किती मिळतात, त्यांना एकदा विचारा. त्यांची हरकत नसेल तर आम्हाला फोन करून कळवा. नाव सांगायची गरज नाही, आकडा पुरे. पुढच्या भागात अंगणवाडी ताईंच्या मानधनाचा असाच हिशेब मांडू.