भीति असूं द्यावी, अभ्यास चालूं द्यावा

परीक्षा जवळ आली कीं विद्यार्थ्याची छाती धडधडूं लागते, झोंप उडते. घरचीं माणसें मायेनें म्हणतात, 'घाबरूं नकोस.' परंतु भीति हुकूम मानीत नाहीं. मनाचा हा स्वभाव ओळखून कांहीं उपचारपद्धति निघाल्या आहेत. त्यांचें सूत्र 'स्वीकार' हें होय.

अशा उपचाराचा एक जुना नमुना जपानांत सांपडतो. शोमा मोरिता (१८७४–१९३८) हे टोकिओ येथें वैद्यकशास्त्र शिकत असतां धडधडीसारख्या लक्षणांनीं गांजून गेले होते. औषधें चालू होतीं. अशांत घरून पैसे येईनासे झाले. रागाच्या भरांत त्यांनीं औषधें टाकलीं व देहाचें होईल तें होवो म्हणून अभ्यासास जुंपून घेतलें. परीक्षा उत्तम रीतीनें पार पडली, आणि लक्षणेंही मावळलीं.

पुढें मानसरोगतज्ज्ञ झाल्यावर, १९१९ च्या सुमारास, त्यांनीं आपली उपचारपद्धति सिद्ध केली. त्यांचें निदान असें: भीतीकडे लक्ष लागलें कीं ती अधिक जाणवते, आणि अधिक जाणवली कीं लक्ष तिच्यावरच खिळतें. भीति दडपून हें रहाटगाडगें थांबत नाहीं. भावना इच्छेच्या अधीन नाहीं. हातपाय मात्र आहेत. म्हणून भावनेला 'अरुगामामा', म्हणजे 'जसें आहे तसें', राहूं द्यावें आणि हातांनीं समोरचें काम करावें. रुग्णास प्रथम सुमारें आठवडाभर एकांतांत अंथरुणावर विश्रांति देत. मग हलकीं कामें, नंतर श्रमाचीं कामें व शेवटीं नित्य व्यवहार, असा चार पायऱ्यांचा क्रम असे.

अमेरिकेंत स्टीव्हन हेज यांनीं १९८० च्या दशकांत याच दिशेची एक निराळी पद्धति मांडली. तींत 'मी नापास होणार' असें म्हणण्याऐवजीं 'मी नापास होणार असा विचार मनांत आला आहे' असें म्हणावयास शिकवितात. विचार तोच, पण विद्यार्थी व विचार यांत थोडें अंतर पडतें. मग शिक्षण कशासाठीं हवें, हें त्याच्याकडूनच वदवून त्या दिशेनें एक लहान पाऊल टाकावयास लावितात.

स्वीकार म्हणजे शरणागति नव्हे. कोणी मुलाचा छळ करीत असेल, तर तो थांबविलाच पाहिजे. मोरितांचें पाहून औषधेंही कोणीं आपण होऊन सोडूं नयेत. मूल अन्नपाणी टाळूं लागलें किंवा जिवाचें बरेंवाईट करण्याचें बोलूं लागलें, तर विलंब न लावतां डॉक्टरांस गांठावें. भारतांत २०२२ पासून 'टेलि-मानस'ची मोफत सेवाही १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र मिळते.

एरवीं मात्र घरच्यांनीं 'घाबरूं नकोस' हें वाक्य बदलून पाहावें. 'भीति वाटते ना? वाटूं दे. ती असतांनाच हीं दोन गणितें सोडव,' एवढें म्हणून शेजारीं बसणारें वडीलधारें माणूस मुलाच्या अधिक उपयोगीं पडतें.